मुलाची झोप तपासायची म्हणजे नक्की काय तपासायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. मुलगा सात वर्षांचा आहे. अंथरुणावर पडल्यावर झोप लागायला तास-दीड तास लागतो. झोपला की घोरतो, गादीभर फिरतो. महिन्यातून दोन-तीनदा किंचाळत उठून बसतो आणि सकाळी त्याला त्यातलं काहीच आठवत नाही. वर्गात लक्ष नसतं, सारखी चुळबुळ चालते, अशी शाळेची तक्रार आहे. कुणीतरी ‘स्लीप स्टडी करून घ्या’, म्हणजे रात्रभराच्या झोपेची यंत्रांनी नोंद करून घ्या, असं सुचवलंय. ती करावी का आणि डॉक्टर नेमकं काय बघतात, हे तुम्हाला हवंय. पत्राच्या शेवटी धाकट्याबद्दलही एक ओळ आहे, तिच्याकडे नंतर येते.

स्लीप स्टडी लागेलही कदाचित, पण लागली तर ती घोरण्यासाठी. उशिरा झोप लागणं, लोळणं आणि किंचाळून उठणं यांचा उलगडा बहुतेक वेळा समोरासमोर बसून, नीट विचारपूस करूनच होतो. मी बरीच वर्षं लहान मुलांच्या झोपेच्या तक्रारी बघते आहे. यंत्र नव्हतं म्हणून निदान चुकलं असं क्वचित घडलं. हकिगत घाईघाईत ऐकली म्हणून चुकलं, असं मात्र माझ्याकडूनही झालंय.

‘झोप कशी आहे?’ असं मी विचारत नाही. त्यावर ‘अजिबात धड नाही’ एवढंच उत्तर येतं. मी म्हणते, कालची संध्याकाळ सांगा, घड्याळ लावून. जेवला कधी, टीव्ही-मोबाइल बंद कधी झाला, अंथरुणावर कधी गेला, दिवा कधी मालवला, खोलीत कोण होतं, झोप लागेपर्यंत काय काय झालं. पाणी हवं, शू लागली, अजून एक गोष्ट सांग, ही मागण्यांची रांग असेल तर चित्र वेगळं. मूल गुपचूप छताकडे बघत पडून असेल तर वेगळं. घाबरून कुशीत शिरत असेल तर आणखी वेगळं. मग रात्र, मग सकाळ: आपणहून उठतो की ओढून काढावा लागतो? सुट्टीच्या दिवशी कधी उठतो? काल एखादी वेगळीच रात्र असेल तर परवाचं सांगा. एवढं झाल्यावर मी मुलाकडे वळते. सात वर्षांचं मूल स्वतःच्या रात्रीबद्दल बरंच सांगू शकतं, फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं. ‘झोप येत नाही तेव्हा तू काय करतोस?’ या एका प्रश्नावर मला कधी भीती सापडली आहे, कधी दुखणारे पाय, तर कधी पांघरुणाखालचा मोबाइल.

पुढचं काम साध्या बेरीज-वजाबाकीचं. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये वयानुसार झोपेचे तास सुचवले आहेत: १ ते २ वर्षांना दिवसाच्या झोपेसकट ११ ते १४ तास, ३ ते ५ वर्षांना १० ते १३, ६ ते १२ वर्षांना ९ ते १२ आणि १३ ते १८ वर्षांना ८ ते १०. सहा ते बारासाठीची मर्यादा किती रुंद आहे बघा. एका मुलाला साडेनऊ तास पुरतात, दुसऱ्याला साडेअकराही कमी पडतात. साडेनऊ तासांची गरज असलेल्या मुलाला आठ वाजता झोपवून सातला उठवलं, तर तो ११ तास अंथरुणात असतो आणि त्यातला दीड तास जागाच राहणार. त्याला आजार नाही, त्याचं वेळापत्रक चुकलंय. ‘दीड तास झोप येत नाही’ ही तक्रार ऐकली की मी आधी हा हिशेब करते. अशा मुलाला अर्धा-पाऊण तास उशिरा अंथरुणावर पाठवलं की रोजची झटापट बऱ्याचदा आपोआप थांबते. तुमच्या पत्रात उठण्याची वेळ नाही, त्यामुळे तुमच्या मुलाचा हिशेब मला इथून मांडता येत नाही. तो तुम्हीच मांडा.

आता दिवसाकडे. झोप अपुरी पडली की मोठी माणसं पेंगतात. लहान मुलं पुष्कळदा उलट वागतात: अंगात आल्यासारखी धावतात, चिडतात, क्षुल्लक गोष्टीवर रडतात, एका जागी बसत नाहीत. म्हणून वर्गातली चुळबुळ आणि लक्ष नसणं या तक्रारीवर अवधानदोषाचा (एडीएचडी) शिक्का मारण्याआधी रात्र बघितलीच पाहिजे. दोन्ही एकत्र असू शकतात हेही खरं, आणि अवधानदोषाच्या काही औषधांनी झोप उशिरा लागते हेही. मी आणखी एक विचारते: गाडीत बसल्यावर पंधरा-वीस मिनिटांत झोपतो का? पाच-सहा वर्षांनंतर बहुतेक मुलांची दुपारची झोप सुटलेली असते. सात वर्षांचं मूल दिवसा जिथे टेकेल तिथे झोपत असेल, तर रात्री काहीतरी कमी पडतंय किंवा झोपेचा एखादा मूळ आजार आहे.

पहिल्या भेटीत वेळ कमी असला तर निदान पाच गोष्टी तरी सुटू नयेत: झोपवतानाची अडचण, दिवसाची गुंगी, रात्री जाग येणं, वेळेची नियमितता व एकूण तास, आणि घोरणं. इंग्रजी आद्याक्षरांवरून या पाच प्रश्नांना ‘बेअर्स’ म्हणतात. जुडिथ ओवेन्स आणि सहकाऱ्यांनी ते २००५ मध्ये प्रसिद्ध केले. लांबलचक प्रश्नावल्याही आहेत आणि त्या उपयोगाच्या आहेत, पण मी त्या भेटीआधी पालकांना घरी भरायला देते. समोर बसून रकाने भरत राहिलं की गोष्ट ऐकायची राहून जाते.

किंचाळून उठण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पालक सर्वांत जास्त घाबरतात ते याला. इथे काय घडलं यापेक्षा किती वाजता घडलं, याला मी जास्त वजन देते. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात असतो. त्या झोपेतून मेंदू अर्धवट वर येतो: शरीर उठून बसतं, डोळे उघडे असतात, छाती धडधडते, घाम फुटतो, पण आतलं माणूस झोपलेलंच असतं. आईला ओळखत नाही, जवळ घेतलं तर आणखी झटापट करतं, आणि पाच-दहा मिनिटांनी काही झालंच नाही अशा थाटात कुशीवर वळतं. हा रात्रभयाचा झटका. झोपेत चालणं त्याच घराण्यातलं, आणि घराणं अगदी शब्दशः, कारण आई, बाबा किंवा मामा-काकांपैकी कुणीतरी लहानपणी असंच करत असे, हे बऱ्याचदा निघतं. दुःस्वप्न मात्र पहाटेच्या बाजूला येतं. तेव्हा मूल पूर्ण जागं होतं, घाबरतं, तुम्हाला बिलगतं आणि काय दिसलं ते सांगतं. स्वप्नं जास्त करून डोळ्यांच्या जलद हालचालींच्या झोपेत पडतात, आणि ती झोप रात्रीच्या उत्तरार्धात वाढते. या झोपेचा शोधही एका मुलाच्याच झोपेतून लागला. शिकागो विद्यापीठातल्या युजीन ॲसरिन्स्कींनी आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोवती तारा लावून रात्रभर नोंदी घेतल्या, आणि १९५३ मध्ये नथॅनियल क्लाइटमन यांच्यासोबत ते प्रसिद्ध केलं.

तुमच्या वर्णनात सकाळी काही न आठवणं आहे, आणि झटके महिन्यातून दोन-तीनच आहेत. ते झोपल्यानंतर दोन-तीन तासांच्या आत येत असतील तर मी निश्चिंत आहे. अशा वेळी मुलाला हलवून जागं करू नका. पडणार नाही, आपटणार नाही एवढं बघा आणि सकाळी त्यावरून चिडवू नका. पण एक धागा हातात ठेवा. गाढ झोपेला धक्का देणारी कोणतीही गोष्ट हे झटके वाढवते: अपुरी झोप, ताप, भरलेलं मूत्राशय आणि घोरताना अडणारा श्वास. म्हणजे तुमच्या दोन वेगळ्या वाटणाऱ्या तक्रारींचं मूळ एकच असण्याची शक्यता आहे.

मी सावध होते ती वेगळ्या चित्राने. प्रत्येक वेळी हुबेहूब तीच हालचाल, अर्ध्या ते दोन मिनिटांत संपणारी, एकाच रात्री अनेकदा, कधी झोप लागता लागता तर कधी पहाटे. हे अपस्माराचे, म्हणजे फिटचे, झटके असू शकतात. मग मेंदूविकारतज्ज्ञ आणि व्हिडिओसह रात्रीचा मेंदूआलेख (ईईजी) लागतो. दिवसा काढलेला आलेख चांगला आला म्हणून तेवढ्यावर विसंबू नये.

गादीभर फिरण्याला पुष्कळ कारणं आहेत, पण मी पायांबद्दल विचारल्याशिवाय सोडत नाही. ‘झोपताना पायात काही होतं का?’ असं मोकळं विचारायचं आणि मुलाचेच शब्द लिहून घ्यायचे. मुंग्या चालतात, आत गुदगुल्या होतात, पायांना पळायचंय, अशी वर्णनं येतात. संध्याकाळनंतर वाढतं, पडून राहिलं की वाढतं, हलवलं किंवा चोळलं की बरं वाटतं, असं असेल तर तो अस्वस्थ पायांचा विकार असू शकतो. शाळकरी मुलांमध्ये तो साधारण शंभरात दोघांना असतो. ‘वाढीचं दुखणं’ म्हणून घरात ज्याची बोळवण होते त्यातलं काही खरं तर हेच असतं. आई-वडिलांपैकी कुणाला रात्री पाय हलवत बसावं लागतं का, तेही विचारते. तेव्हा दोघं एकमेकांकडे बघून हसतात, आणि मला माझं उत्तर मिळतं.

इथे रक्ताची एक तपासणी खरोखर कामाची आहे: फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. अस्वस्थ पायांच्या बाबतीत तो दर मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर लोह देऊन बघतात. प्रयोगशाळेची ‘नॉर्मल’ची खालची रेघ याच्या बरीच खाली असते, त्यामुळे अहवालावर काहीही ठळक छापलेलं नसतं आणि कागद तसाच फाइलला लागतो. हिमोग्लोबिन चांगलं असूनही साठा रिकामा असू शकतो. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढतं, म्हणून मूल ठणठणीत असताना रक्त द्यावं. लोहाचं औषध मनाने सुरू करू नका, मात्रा वजनावर ठरते आणि जास्त झालं तर ते लहान मुलांना विषारी आहे. आणखी एक, गुंगी येते म्हणून सर्दीची औषधं झोपेसाठी देण्याची सवय पुष्कळ घरांत दिसते. त्यातल्या ॲलर्जीविरोधी घटकांनी पायांची ही अस्वस्थता वाढू शकते.

आता घोरणं. सर्दीत चार दिवस घोरला तर दुर्लक्ष करा. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरत असेल तर ते तपासायलाच हवं. मी विचारते: मध्येच आवाज थांबतो आणि मग धाप घेतल्यासारखा श्वास येतो का? मान मागे टाकून झोपतो का? तोंड उघडं असतं का? डोक्याला खूप घाम येतो का? सकाळी डोकं दुखतं का? कोरडी राहणारी गादी पुन्हा ओली व्हायला लागली का? हा शेवटचा प्रश्न पालकांना असंबद्ध वाटतो, पण श्वास अडणं आणि अंथरूण ओलं होणं यांची जोडी पक्की आहे.

मग अंगतपासणी. वजन, उंची आणि त्यांचा मागच्या काही वर्षांचा आलेख. श्वास अडणारं मूल जाड असतं असा समज आहे. लठ्ठपणाने धोका वाढतो हे खरं, पण काही मुलं उलट वाढीत मागे पडतात. रक्तदाब. नाकाच्या दोन्ही बाजूंनी हवा येते का, टाळू (तोंडाचं छत) किती उंच आहे, खालचा जबडा मागे आहे का, टॉन्सिल किती मोठे आहेत. बोलताना आवाज नाकात कोंडल्यासारखा येतो का. यात एक मेख आहे. टॉन्सिलचा आकार आणि आजाराची तीव्रता यांचा मेळ नीट बसत नाही. प्रचंड टॉन्सिल असलेलं मूल रात्रभर निवांत झोपतं आणि मध्यम टॉन्सिलवाल्याचा ऑक्सिजन खाली जातो, असं मी दोन्ही पाहिलंय. नुसतं घोरणं आणि खरोखर श्वास अडणं यांतला फरक हकिगत आणि तपासणीवरून खात्रीने सांगता येत नाही. स्लीप स्टडीची जागा इथे आहे.

त्या रात्री मूल प्रयोगशाळेत झोपतं आणि आई किंवा बाबा शेजारी असतात. डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला आणि पायांना चिकटपट्ट्या, नाकाखाली एक नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप. टोचणं काहीच नाही. अहवालात तुम्ही एक आकडा बघाल: तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला. मोठ्यांमध्ये पाचपर्यंत चालतं. मुलांमध्ये एकाच्या वर गेला की आम्ही लक्ष देतो, पाचच्या वर मध्यम आणि दहाच्या वर तीव्र धरतो. म्हणून ही तपासणी मुलांचे अहवाल वाचणाऱ्याकडेच करा. मोठ्यांच्या निकषांनी वाचलेला अहवाल ‘नॉर्मल’ म्हणून हातात पडलेली मुलं माझ्याकडे आलेली आहेत. घरी नेऊन लावायची सुटसुटीत यंत्रं मोठ्यांसाठी ठीक, पण मुलांमध्ये निदानासाठी त्यांची शिफारस नाही. डाउन सिंड्रोम, चेहऱ्याच्या हाडांची वेगळी ठेवण किंवा स्नायूंचा आजार असेल, तर घोरण्याची वाटही न बघता लवकर तपासतात. डाउन सिंड्रोममध्ये चार वर्षांचं होईपर्यंत ही तपासणी करून घ्या, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते.

टॉन्सिल आणि अडेनॉइड (नाकामागच्या तशाच गाठी) काढले की वर्गातली तक्रार जाईल का, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर एक मोठी चाचणी झाली, ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांची शस्त्रक्रिया लगेच केली, निम्म्यांना लक्ष ठेवून थांबवलं. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची स्लीप स्टडी नॉर्मल आली. नुसतं थांबलेल्यांपैकीही ४६ टक्क्यांची आली. लक्ष आणि नियोजनाच्या प्रमाणित चाचणीत दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही, पण पालकांनी नोंदवलेलं वागणं, लक्षणं आणि एकूण जगणं शस्त्रक्रियेच्या गटात जास्त सुधारलं. फार तीव्र आजाराची मुलं त्या चाचणीत नव्हती, हे विसरू नका. मी यावरून एवढंच घेते: सौम्य आजार असेल तर काही महिने नाकातला स्टिरॉइड फवारा देऊन आणि वजन सांभाळून थांबायला हरकत नाही. तीव्र असेल तर थांबू नये. आणि गुण वाढावेत म्हणून टॉन्सिल काढू नयेत.

माझ्या चुकीचं म्हटलं होतं, ते सांगते. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी वर्गात झोपते म्हणून आली होती. काही महिन्यांत वजन भराभर वाढलं होतं. हसताना तिचा चेहरा सैल पडायचा, जीभ थोडी बाहेर यायची, कधी गुडघे वाकायचे. मी ते चाळे समजले आणि झोपेचं खापर मोबाइलवर फोडलं. तो नार्कोलेप्सी होता, दिवसा अनावर झोप येण्याचा आजार. हसण्याने स्नायूंतला जोर जाणं ही त्याची ठळक खूण, आणि मुलांत ती आधी चेहऱ्यावर दिसते. रात्री पुरेशी झोप होऊनही दिवसा आवरत नाही एवढी झोप येत असेल, तर रात्रीच्या स्लीप स्टडीनंतर दुसऱ्या दिवशी ठरावीक अंतराने डुलक्या घ्यायला लावून झोप किती लवकर लागते ते मोजतात. तेव्हापासून ‘हसताना काही होतं का?’ हा प्रश्न मी कुणालाच विचारायचा सोडत नाही.

औषधांची आणि इतर दुखण्यांची यादीही एकदा बघायची. दम्यासाठी किंवा ॲलर्जीसाठी मॉन्टेलुकास्ट चालू असेल तर त्याने दुःस्वप्नं आणि वागण्यातले बदल होऊ शकतात. रात्रीचा खोकला, अंगाची खाज, छातीत जळजळ यांनी झोप मोडते. घरात अलीकडे काही बदललं का, हेही विचारावं लागतं, आणि कधी कधी तो प्रश्न मूल खोलीबाहेर असताना विचारावा लागतो.

तुमच्या मुलासाठी मी काय करीन? दोन आठवड्यांची झोपेची वही, त्यात सुट्टीचे दिवस धरून. अंथरुणावर कधी गेला, झोप अंदाजे कधी लागली, जाग, झटका आणि त्याची वेळ, सकाळी कधी उठला. सकाळीच लिहा, आठवड्याच्या शेवटी आठवून नको. मनगटी घड्याळातले रंगीत आलेख आणलेत तर मी बघीन, पण निर्णय वहीवरच घेईन. सोबत घोरतानाचे दोन-तीन व्हिडिओ. पांघरूण बाजूला करून छाती-पोट आणि चेहरा दोन्ही दिसतील असे, आवाजासकट, दोन-तीन मिनिटांचे, आणि शक्यतो पहाटे काढलेले, कारण मुलांचा श्वास त्या वेळी जास्त अडतो. एखाद्या झटक्याचाही मिळाला तर उत्तमच. दोन आठवड्यांनी बालरोगतज्ज्ञांची भेट, फेरिटिन, नाक-घसा तपासणी, आणि घोरणं आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री ठरलं तर स्लीप स्टडी. तोवर मेलाटोनिन किंवा दुसरं कुठलंही झोपेचं औषध सुरू करू नका. झोपेत ओठ निळे पडत असतील किंवा श्वासासाठी छाती आत ओढली जात असेल, तर मात्र वही बाजूला ठेवा आणि लगेच दाखवा.

आणि धाकटा. चौदा महिन्यांचा आहे, रात्री चार वेळा उठतो आणि झुलवल्याशिवाय झोपत नाही, त्यालाही विकार आहे का? घोरत नसेल, वजन वाढत असेल आणि झुलवल्यावर दोन-पाच मिनिटांत झोपत असेल, तर नाही. रात्रीतून चार-सहा वेळा थोडी जाग सगळ्यांनाच येते. तुम्ही-आम्ही कूस बदलून पुन्हा झोपतो. त्याला झोप लागताना झुलवणं असतं, म्हणून जाग आली की तो तेच मागतो. तुम्हाला जमणार असेल तर संध्याकाळी तो पेंगुळलेला पण जागा असताना अंथरुणावर ठेवायला लागा, आधी हात अंगावर ठेवून, मग नुसतं शेजारी बसून. घाई नसेल तर झुलवत राहा. त्याच्यासाठी मला भेटायला यायची गरज नाही.